घोषणात्मक दृश्य भाषांतील अपवाद-विचार

गणनेच्या ओघात जी परिस्थिती सामान्य सूत्रात बसत नाही, तिला संगणकशास्त्रात ‘अपवाद’ ही संज्ञा आहे. शून्याने भागणे हे तिचे परिचित उदाहरण होय. आज्ञाप्रधान भाषांत आज्ञा क्रमाने पाळल्या जातात. म्हणून अपवाद उद्भवताच चालू क्रम सोडून नियंत्रण वेगळ्या निवारक विभागाकडे वळविता येते. १९६० च्या दशकात पीएल/वन या भाषेने अशी सोय केली होती.

घोषणात्मक भाषांत हा मार्ग खुला नाही. तेथे कृतीचा क्रम सांगावयाचा नसून राशींचे परस्परसंबंध सांगावयाचे असतात. १९७९ मधील व्हिजिकॅल्कपासून रूढ झालेली स्प्रेडशीट ही या वर्गातील सर्वांत परिचित दृश्य भाषा होय. आजच्या स्प्रेडशीटमध्ये घरांचा गणनाक्रम यंत्रच ठरविते. तेव्हा नियंत्रण अन्यत्र वळविण्यास अर्थच उरत नाही.

यावरील उपाय असा की, दोषालाच एक मूल्य मानावे. समजा, समान क्षेत्राच्या तीन शेतांपैकी दोहोंचे उत्पन्न हेक्टरी १५ व २५ क्विंटल आहे. तिसऱ्याचे क्षेत्र लिहावयाचे राहिले आहे. रिकामे घर शून्य मानले जाऊन तेथे भागाकाराचा दोष उमटतो आणि सरासरीच्या घरातही तोच उतरतो. संबंध ज्या वाटेने जोडलेले, त्याच वाटेने दोष वाहतो. फॉर्म्स/३ या भाषेच्या आधारे मार्गारेट बर्नेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले.

तथापि, दोष झाकण्याचा मोह येथेच उद्भवतो. एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीत ‘इफएरर’ हे फल आले. दोष आढळल्यास ते पर्यायी मूल्य देते. वरील उदाहरणात तो पर्याय शून्य ठेवल्यास सरासरी १३.३३ येते, रिक्त मजकूर ठेवल्यास २० येते. पहिला आकडा चुकीचा आहे. दुसरा दोनच शेतांचा आहे. आणि दोहोंतही क्षेत्र राहून गेल्याची खूण पुसली जाते. शिवाय हे फल दोषांच्या प्रकारांत भेद करीत नाही. चुकीचे लिहिलेले नावही त्याखाली दडते. २०१३ मधील ‘इफएनए’ केवळ ‘मूल्य अनुपलब्ध’ एवढाच दोष हाताळते, हे त्या मानाने सुरक्षित.

सारांश, अपवादाचे निवारण म्हणजे त्याचे विस्मरण नव्हे. जो दोष अपेक्षित व ज्ञात आहे, त्यालाच पर्याय द्यावा; इतरांना अंतिम घरापर्यंत वाहू देणे हेच इष्ट होय.