तिकिटातला दोष आणि त्याची किंमत

कोणत्याही मालात दोष निघाला की भाव उतरतो. जुन्या टपाल तिकिटांचे मात्र उलटे आहे. दोष सापडला की भाव चढतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या व्यवहाराची प्रथम गंमत वाटते. पण याचमुळे काही विक्रेते तिकिटावरील प्रत्येक डागाला दोष म्हणून खपवितात. शाईचा एक ठिपका असलेल्या तिकिटाला मलाही एकदा चौपट किंमत सांगण्यात आली. मी ते घेतले नाही. का, ते मॉरिशसच्या उदाहरणावरून सांगतो.

मॉरिशस ही तेव्हा ब्रिटिशांची वसाहत. (गिरमिटिया मजूर म्हणून आपली मराठी माणसेही त्या बेटावर गेली.) १८४८ मध्ये तेथे 'पोस्ट पेड' अशी अक्षरे असलेली एक पेनी व दोन पेन्सची तिकिटे निघाली. जोसेफ बार्नर्ड याने प्रत्येक किमतीसाठी तांब्याच्या प्लेटवर बारा तिकिटे कोरली, तीही एकेक करून, हाताने. त्यामुळे बाराही ठिकाणी राणीचा चेहरा थोडाथोडा निराळा आहे. छापताना उलटसुलट होते म्हणून अक्षरे उलटी कोरावी लागत. दोन पेन्सच्या प्लेटवर सातव्या जागी 'पेन्स' या इंग्रजी शब्दातील दुसऱ्या 'ई'च्या आधीचा 'सी' जाऊन तेथे 'ओ' आला.

हा खरा प्लेटमधील दोष. तो धातूत आहे, म्हणून त्या प्लेटच्या प्रत्येक कागदावर सातव्या जागी उमटणारच. छापताना कागदावर धूळ बसली किंवा शाई सांडली, तर ती खूण त्या एका कागदापुरती. तेव्हा एका तिकिटावरून काहीच सिद्ध होत नाही. तीच खूण, त्याच जागी, वेगळ्या तारखेचा शिक्का असलेल्या दुसऱ्या तिकिटावर दिसली पाहिजे. रोजमेळातील रकमेचा खतावणीशी ताळा पाहावा तसे हे आहे.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते, ती म्हणजे झीज. कोरीव प्लेटवर शाई चरांत भरतात, वरचा पृष्ठभाग पुसून घेतात, मग ओलसर कागद दाबून चरांतील शाई उचलतात. तांबे मऊ, प्रत्येक पुसण्याने आणि दाबाने चर उथळ होत जातात. मॉरिशसच्या या प्लेटा १८५९ पर्यंत वापरल्या गेल्या. सुरुवातीच्या तिकिटांवर चेहऱ्यामागील तिरप्या रेघा ठळक दिसतात. पुढे पांढरे चट्टे पडतात, उभ्या रेघा पुसट होऊन तिरप्या तेवढ्या उरतात, आणि अखेरीस त्याही बहुतेक जातात. असा चट्टा म्हणजे दोष नव्हे. त्यावरून फार तर तिकीट आधी छापले की नंतर, एवढे कळते. जाणकार 'प्रारंभीचा', 'मधला', 'झिजलेला' असे ठसे वेगळे ओळखतात व किंमतही तशीच लावतात.

लबाडीही यावरूनच पकडता येते. बारीक लेखणीने 'सी'चे तोंड मिटवून 'ओ' करणे फारसे कठीण नाही. पण भिंगाखाली नाक, डोळा, केसांची पट्टी आणि अक्षरांमधील अंतर सातव्या जागेच्या छापील चित्राशी जुळवून पाहावे. तिकीट दुसऱ्या जागेचे असेल, तर 'ओ' कितीही सुबक असो, बाकीचा चेहरा जुळत नाही.

हे तिकीट आपल्यापैकी कुणाच्या संग्रहात येईल असे वाटत नाही! कन्नड विभागातील माझा मित्र आणि मी भारताच्या साध्या जुन्या 'अंचे चीटी' घेऊन, एकाच प्रकारची वीसपंचवीस शेजारी मांडून, भिंग फिरवतो. बहुतेक ठिपके दुसऱ्या तिकिटावर सापडत नाहीत.