टायर किती टिकतो आणि किती धरतो

मृगाचा पहिला पाऊस पडला की सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात एक शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतो: स्लिप. गाडी स्लिप झाली, वळणावर स्लिप झालो, ब्रेक मारला आणि स्लिप झाली. केसपेपरवरही तसेच उतरते. कोणत्या टायरवर स्लिप झाली, तो किती वर्षांचा होता, त्यावर नक्षी उरली होती का, यासाठी केसपेपरवर रकाना नसतो. डॉक्टर हाड पाहतात, पोलीस जबाब घेतात, आणि टायर गाडीबरोबर घरी जाऊन आठ दिवसांनी पुन्हा रस्त्यावर येतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली सुमारे साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. या सगळ्यांचा दोष टायरवर टाकणे चुकीचे ठरेल. वेग, दारू, डोक्यावर नसलेले हेल्मेट, रात्री दिवा न लावता उभी केलेली ट्रॉली ही कारणे मोठी आहेत. पण गाडी आणि रस्ता यांचा संबंध येतो तो फक्त टायरमधून. दुचाकीचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो भाग जेमतेम पत्त्याच्या एका पानाएवढा असतो. नवरा, बायको, मधे मूल आणि हँडलला पिशवी, एवढा संसार त्या दोन पानांवर धावतो.

'टूरिंग टायर' म्हटले की लडाखला निघालेले जाकीटवाले डोळ्यांसमोर येतात. हिंगोली जिल्ह्यात लांबचा प्रवास करणारे वेगळे आहेत. हिंगोलीहून कळमनुरी, सेनगाव किंवा औंढ्याला रोज अप-डाऊन करणारे शिक्षक आणि ग्रामसेवक, औषध कंपन्यांचे एमआर, दूधवाले, वसमतच्या बाजारात हळदीचा भाव पाहायला जाणारे शेतकरी आणि दिवाळीला पुण्याहून गावाकडे शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर निघणारी पोरे. रोज ४० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस धरले तरी वर्षाला १२ हजार किलोमीटर होतात. हौशी पर्यटकाचे एवढे क्वचितच होत असेल.

हे सगळे टायरच्या दुकानात एकच प्रश्न विचारतात: "किती चालंल?" प्रश्न रास्त आहे, पैसा कष्टाचा असतो. पण "किती धरंल?" हा दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात.

त्याचे कारण रबरात आहे. रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. एक म्हणजे त्याचे रेणू डांबराच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. दुसरे म्हणजे रबर खडीच्या बारीक उंचवट्यांवर दबते, त्यांच्या आकाराचे होते आणि पुन्हा पूर्ववत होताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावते. ही गमावलेली ऊर्जा म्हणजेच पकड. रस्ता ओला झाला की पाण्याचा पातळ थर चिकटण्याच्या आड येतो आणि बहुतेक भार दुसऱ्या प्रकारावर पडतो. मऊ रबर खडीत चांगले बसते, पण झिजतेही लवकर. कडक रबर वर्षानुवर्षे चालते, पण खडीवरून नुसते सरकते. पकड, टिकाऊपणा आणि पेट्रोलची बचत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी वाढवणे हे टायर उद्योगापुढचे जुनेच कोडे आहे. काजळीच्या जोडीला सिलिका, म्हणजे वाळूचाच एक अतिशय बारीक नातेवाईक, मिश्रणात वापरला जाऊ लागल्यापासून ते काही अंशी सुटले. सिलिकाच्या टायरची ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते आणि त्यासाठी आयुष्य फार गमवावे लागत नाही. म्हणून दुकानदाराला 'सिलिका कंपाउंड आहे का' एवढे विचारायला हरकत नाही.

आरोग्याच्या सदरात हे सांगायला हवे की हवेचा टायर व्यवहारात आणणारा माणूस मुळात जनावरांचा डॉक्टर होता. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये बेलफास्टला आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या. पोराला धक्के बसू नयेत एवढाच हेतू होता.

आता पकडीतल्या फरकाचा हिशेब पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या चांगल्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १८ मीटरमध्ये थांबू शकते. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली तर ३५ मीटर लागतात. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल पसरला असेल तर ७० मीटरही पुरत नाहीत. आपल्याकडची काळी माती भिजली की तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी धरून फुगतात आणि साबणासारखा थर होतो. त्यावर कोणताही टायर चालत नाही. तिथे एकच उपाय, वेग कमी करणे.

टायरची निवड कामी येते ती साध्या ओल्या डांबरावर. समजा एका टायरची पकड दुसऱ्यापेक्षा पाव पटीने जास्त आहे. एक गाडी २८ मीटरवर थांबेल, दुसरी ३५ वर. सात मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्या जागी दुसरी अजून ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगात असते. समोर उसाची ट्रॉली असेल, तर त्या २७ किलोमीटरांत कवटी फुटू शकते.

डोक्याच्या माराचे एक लक्षण घरच्यांना माहीत असावे. माणूस पडतो, उठतो, "काही झालं नाही" म्हणतो, चहा घेतो, आणि तासा-दोन तासांत डोके दुखते, उलट्या होतात, गुंगी येते. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठत असते. मधला बरा वाटणारा वेळ फसवा असतो. अशा रुग्णाला झोपू देऊन 'सकाळी बघू' म्हणणे जीवघेणे ठरते. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी हिंगोलीहून नांदेडला न्यायचे तर दीड-दोन तास रस्त्यातच जातात, म्हणून १०८ ला फोन ताबडतोब करावा. मागे एका बाजूला पाय टाकून बसलेल्या बाया गाडी घसरली की पाठमोऱ्या पडतात आणि डोक्याच्या मागच्या भागावर आदळतात. हेल्मेट मात्र पुढच्याच्या डोक्यावर असते, तेही असले तर. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आहे. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसाच्या बाबतीत तर साधे पडणेही साधे समजू नये.

बाजारात हल्ली दोन मिश्रणांचे टायर येतात: मधला पट्टा कडक, कडा मऊ. सरळ रस्त्यावर गाडी मधल्या पट्ट्यावर चालते म्हणून टायर टिकतो, आणि वळणावर गाडी झुकली की मऊ कड धरते. घाटात फिरणाऱ्यांना ही सोय उत्तम आहे. हिंगोलीच्या माळावर मात्र थोडा विचार करायला हवा. अकोल्याहून वाशिम, हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा महामार्ग बराचसा सरळ आहे. अशा रस्त्यावर ब्रेक मारायची वेळ येते ती कुत्रे आडवे आल्याने, अंधारातून रोही उडी मारून आल्याने किंवा म्हशींचा कळप रस्त्यावर उतरल्याने. अशा वेळी गाडी सरळ उभी असते आणि ब्रेकचा सगळा भार त्या कडक मधल्या पट्ट्यावर येतो. तेव्हा इथल्या माणसाने कडेच्या मऊपणाच्या जाहिरातीला न भुलता मधले रबर ओल्यात कसे धरते ते विचारावे. सरळ रस्त्याचा दुसरा परिणाम म्हणजे टायर मधोमध चपटा होतो. कडेला नक्षी दिसत असते, म्हणून मालकाला टायर चांगला वाटतो.

पैशाचा हिशेबही करून पाहावा. समजा एक टायर १,६०० रुपयांचा आहे आणि ३० हजार किलोमीटर जातो. दुसरा २,२०० चा आहे आणि १८ हजारच जातो. पहिल्याचा खर्च किलोमीटरला सव्वापाच पैसे, दुसऱ्याचा सव्वाबारा. वर्षाच्या १२ हजार किलोमीटरवर फरक साधारण सव्वाआठशे रुपये, म्हणजे दिवसाला सव्वादोन रुपये. हॉटेलातला चहाही त्यात येत नाही. मनगटाच्या एका प्लॅस्टरला आणि दोन महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीला याच्या कैकपट जातात.

तरीही टायर पुढे ढकलला जातो, आणि त्याचे कारण अज्ञान नसते. गोटा झालेला टायर उन्हाळ्यात त्रास देत नाही. कोरड्या डांबरावर गुळगुळीत रबरही चांगले धरते, खाचांचे खरे काम पाणी बाजूला सारण्याचे आहे. त्यामुळे मार्च ते मे गाडी छान चालते आणि फसवणूक उघडी पडते ती जूनमध्ये. पहिल्या सरीत रस्त्यावरचे ऑइल, डिझेल आणि धूळ यांचा राप तरंगून वर येतो, तेव्हा रस्ता मुसळधार पावसापेक्षाही निसरडा असतो. नेमक्या त्याच आठवड्यात बी-बियाणे आणि खत घ्यायचे असते. टायर 'सोयाबीन विकल्यावर' बदलायचा ठरतो, म्हणजे पावसाळा संपल्यावर. हा क्रम उलटा करता आला पाहिजे. ज्यांच्या हाती हळदीचे पैसे एप्रिल-मेमध्ये येतात, त्यांनी तेव्हाच टायर घ्यावा. नव्या खाचा पावसाळ्यात कामी येतील आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच झिजतील. दिवाळीत टायर बदलणारा आपली सगळ्यात चांगली नक्षी कोरड्या रस्त्यावर घासून टाकतो. ऑक्टोबरचेही एक आहेच: रस्त्याकडेला वाळत घातलेले सोयाबीन चाकाखाली आले की गोल दाणे बेअरिंगच्या छऱ्यांसारखे फिरतात.

पुढच्या टायरकडे तर कुणी पाहतच नाही. मागचा दोनदा बदलला जातो, पुढचा तोच असतो, कारण तो झिजलेला दिसत नाही. पण ब्रेक मारताना गाडीचे वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचे मोठे काम पुढचेच चाक करते. मागचे चाक घसरले तर गाडी सावरता येते, पुढचे घसरले तर माणूस खाली येतो. शिवाय पुढचा टायर हळू झिजतो, म्हणजे तिथे जरा महाग, जास्त पकडीचा टायर घातला तरी वर्षाचा खर्च फारसा वाढत नाही. लांब पल्ल्याच्या टायरांच्या जोड्यांतही पुढच्या आणि मागच्या टायरचे मिश्रण पुष्कळदा वेगळे ठेवतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि लहान गाड्यांना सीबीएस सक्तीचे झाले. त्यातले सीबीएस दोन्ही चाकांना ब्रेक वाटून देते, चाक अडकणे थांबवत नाही. एबीएस ते थांबवते, पण टायरमध्ये नसलेली पकड तेही आणू शकत नाही.

टायर घेताना बाजूच्या भिंतीवरचे आकडे वाचावेत. शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर वापरले नाही तरी ऊन आणि हवेतल्या ओझोनने कडक होते, बारीक भेगा पडतात. सूट देऊन विकला जाणारा टायर बहुधा जुना असतो, आणि पाच-सहा वर्षांच्या टायरची नक्षी कोरीकरकरीत असली तरी तो घेऊ नये. ४२ पी, ४८ पी अशी खूणही असते. ४२ म्हणजे १५० किलो भार, ४८ म्हणजे १८० किलो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. ट्रिपल सीट आणि पुढे पोते ठेवल्यावर हा हिशेब कुठे जातो ते ज्याचे त्याने पाहावे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. काही ठिकाणी गोटा झालेल्या टायरवर नव्या खाचा कोरून देतात. त्याने टायरचे आतले कापड उघडे पडू शकते आणि तो भर वेगात फुटू शकतो.

हवेबाबत 'तीस पौंड दोन्हीला' असे सांगून मोकळे होण्याची पद्धत आहे. गाडीवरच्या पट्टीवर आकडे छापलेले असतात: शंभर सीसीच्या गाडीला पुढे २५ पौंडांच्या आसपास, मागे त्याहून जास्त, आणि डबल सीट असेल तर मागे आणखी जास्त. हवा कमी असली तर टायर लवलवतो, तापतो आणि कडांनी झिजतो. प्रमाणाबाहेर भरली तर रस्त्याला टेकणारे पान लहान होते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी, दुपारी रस्ता तापल्यावर आकडा फुगलेला दिसतो. टायर काळा चमकवण्याचे पॉलिश जमिनीला टेकणाऱ्या भागावर कधी लावू नये.

आणि नवा टायर बसवून दुकानातून बाहेर पडल्यावर पहिले दीड-दोनशे किलोमीटर हळू जावे. साच्यातून निघालेला वरचा थर गुळगुळीत असतो, तो घासला जाईपर्यंत टायर पूर्ण धरत नाही. तेवढ्या अंतरात मागे कुणाला बसवायचेच असेल तर हेल्मेट दोन लागतील.