कामापासून मानसिक अलिप्तता

कामापासून मानसिक अलिप्तता म्हणजे कामाची वेळ संपल्यानंतर शरीराप्रमाणे मनानेही कामातून बाहेर पडणे. ही संघटनात्मक मानसशास्त्रातील संकल्पना आहे. अशी अलिप्तता साधली नाही, तर पद, वेतन व प्रतिष्ठा लाभूनही व्यक्ती थकलेली आणि अतृप्त राहू शकते.

स्वरूप

साबिने झोनेनटाग व शार्लोट फ्रिट्झ यांनी इ.स. २००७ मध्ये थकव्यातून सावरण्याचे चार अनुभव मांडले: अलिप्तता, शिथिलता, नवे कौशल्य आत्मसात करणे आणि मोकळ्या वेळेवरील नियंत्रण. घरी बसून उद्याच्या बैठकीची चिंता करणाऱ्याचे शरीर विसावते, मन मात्र कामावरच असते.

यश आणि अतृप्ती

नवे यश लवकरच अंगवळणी पडते. या प्रवृत्तीचे वर्णन फिलिप ब्रिकमन व डोनाल्ड कॅम्पबेल यांनी इ.स. १९७१ मध्ये केले. पुढे तिला ट्रेडमिलची उपमा रूढ झाली. बढतीचा आनंद ओसरतो, वाढलेली जबाबदारी मात्र कायम राहते. दीर्घकाळचा असा ताण आटोक्यात न आल्यास ‘बर्नआउट’ ही अवस्था उद्भवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीनुसार तो रोग नसून कामाशी निगडित अवस्था आहे. अतीव थकवा, कामाविषयी दुरावा आणि कार्यक्षमता घटल्याची भावना ही तिची लक्षणे होत. हा दुरावा म्हणजे अलिप्तता नव्हे. अलिप्त झालेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी ताजेपणाने कामाकडे परतते.

मुंबईतील संदर्भ

काही व्यवसायांत विरामाची सीमा निसर्गच आखतो. खारदांडा येथील कोळी समाजात पावसाळ्यात मासेमारी थांबवून नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा सुरू करण्याची परंपरा आहे. हा काळ आर्थिक ओढीचा असला, तरी काम कधी थांबणार हे ठाऊक असते. गिरण्यांत अशी सीमा नव्हती. ती झगडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईतील गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली.

मोबाइलमुळे ही सीमा पुन्हा पुसट झाली. फ्रान्समध्ये इ.स. २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काची कायद्यात तरतूद आहे. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी इ.स. २०१८ मध्ये याच हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

उपाय

कायद्याने फोन थांबवता येतो, विचार थांबवता येत नाहीत. त्यासाठी अपूर्ण कामांची दुसऱ्या दिवसाची योजना लिहून ठेवणे, छंद जोपासणे आणि सुटीच्या दिवशी कार्यालयीन संदेश न पाहणे उपयुक्त ठरू शकते. मात्र कामाचा बोजाच अवाजवी असेल, तर केवळ वैयक्तिक शिस्त अपुरी पडते.