घाटात गिअर, सिग्नलला ब्रेक

खंडाळ्याहून घाट उतरून खोपोलीत टेकलेल्या काही मोटारींच्या पुढच्या चाकांपाशी उग्र, जळका वास येतो. मालकाला वाटते क्लच गेला. बहुतेकदा तापलेले असतात ते ब्रेक पॅड, कारण घाटभर पाय ब्रेकवरून उचललेलाच नसतो.

आकड्यांत पाहिले तर हे तापणे साहजिक वाटते. छोटी मोटार, माणसांसकट 1,200 किलोची. ताशी 80 किलोमीटरच्या वेगातून ती एकदा पूर्ण थांबते तेव्हा सुमारे 3 लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. खंडाळा आणि खोपोली यांच्या उंचीत साधारण 500 मीटरचा फरक आहे. तेवढे खाली येताना याच मोटारीला जवळपास 59 लाख ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात, म्हणजे 80 च्या वेगातून लागोपाठ वीस वेळा थांबण्याइतके. एवढ्या उष्णतेत बादलीभर पाणी उकळेल. थोडा भाग वारा आणि टायरांचे घर्षण खाऊन टाकते. उरलेले सगळे ब्रेकनेच गिळायचे की इंजिनालाही कामाला लावायचे, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

इंजिन हे काम करते कसे? ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल इंजिनात हवा शिरण्याची वाट जवळजवळ बंद होते. चाके मात्र गिअरबॉक्समधून इंजिनाला फिरवतच असतात. त्या चिंचोळ्या वाटेतून हवा ओढायला पिस्टनना जोर लागतो आणि तो जोर गाडीच्या वेगातून वजा होतो. गिअर जितका खालचा, तितके इंजिन जास्त फिरते आणि गाडी जास्त अडते. यात झिजणारा पॅड नाही, आणि तयार होणारी उष्णता बाहेर टाकायला रेडिएटर व सायलेन्सर आहेतच. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही बिनचूक आहे.

उलट ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅडची पकड तापून ढिली पडते. मागच्या चाकांना ड्रम असतील तर ते तापून फुगतात आणि लायनरपासून दूर सरकतात. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळणे. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल 205 अंशांपर्यंत दम धरते, पण ते हवेतला ओलावा शोषत राहते. पाणी मुरलेले ऑइल 140 अंशांच्या आसपासही उकळू शकते. मग नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल तळाला टेकते आणि गाडी मात्र पळतच राहते. कोकणातले पावसाळे पाहिलेल्या आणि वर्षानुवर्षे ऑइल न बदललेल्या गाड्यांनी हे खास लक्षात ठेवावे.

तरीही उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडणारे कमी नाहीत. इंधन वाचते, अशी त्यांची समजूत असते. कार्ब्युरेटरच्या काळात तिच्यात थोडेफार तथ्य होते. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला, की संगणक इंजिनाचे इंधन पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला थेंब थेंब पाजावा लागतो. म्हणजे बचत करायला जावे आणि खर्च वाढवून बसावे! इंजिनच बंद करणाऱ्यांची तर कमालच. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग जड होते. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसरच थांबतो.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यासाठीच बदनाम आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका अवजड ट्रकने चाळीसहून जास्त वाहनांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले होते.

अवजड गाडीला इंजिनाने अडवण्याचा प्रश्न जुनाच आहे. डिझेल इंजिनात हवेची वाट बंद होत नाही, त्यामुळे त्याची ओढ मुळात कमी. 1931 मध्ये क्लेसी कमिन्स आपल्या डिझेल इंजिनाची जाहिरात करण्यासाठी ट्रकमधून अमेरिका ओलांडत होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीत ब्रेकनी दगा दिला. खाली रेल्वे फाटकावर मालगाडी, आणि ट्रक थोडक्यात बचावला. निवृत्तीनंतर त्यांनी दाबलेली हवा ऐन वेळी बाहेर सोडून डिझेल इंजिनालाच ब्रेक बनवणारी यंत्रणा शोधली. ती 1961 मध्ये जेकब्स कंपनीने बाजारात आणली.

एवढे वाचून कोणी पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरच्या प्रत्येक सिग्नलला चार-तीन-दोन असे गिअर पाडत थांबू लागला, तर त्याला थांबवायला हवे. सपाट रस्त्यावर थांबण्यासाठी ब्रेकच आहे. ब्रेक पॅड तासाभरात बदलून मिळतात. गिअर पाडताना झिजणाऱ्या क्लच प्लेटसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि बिलही त्याच मापाचे येते. शिवाय ब्रेक चारही चाकांवर लागतो, एबीएसही ब्रेकवरच चालते. इंजिनाची ओढ फक्त पुढच्या किंवा मागच्या जोडीवर येते, आणि मागचे लाल दिवे लागत नाहीत, त्यामुळे मागच्याला पत्ताच नसतो. ओल्या रस्त्यावर वेगात असताना पाचव्यातून थेट दुसरा टाकून क्लच झटकन सोडला, तर चाके सटकतात, इंजिन किंचाळते आणि कधी कायमचे गप्प होते. आधी ब्रेकने वेग उतरवावा, मग एकेक गिअर. घाटातही ब्रेक लागतोच, पण वळणाआधी ठाम दाबून सोडून द्यायचा, म्हणजे त्याला गार व्हायला वेळ मिळतो.

गिअर आपोआप बदलणाऱ्या एएमटी गाड्यांत हेच काम मॅन्युअल मोडवर जमते. विजेच्या गाडीत मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरते आणि वेगही घटवते. मात्र बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर त्या विजेला जागा उरत नाही आणि भार पुन्हा पॅडवर येतो. तेव्हा मुंबईकडे उतरणाऱ्यांनी चार्जिंग लोणावळ्यात पूर्ण करण्यापेक्षा खोपोलीत उरकलेले बरे.