मर्यादेचे वाक्य : हर्णे बंदर आणि सामायिक सर्व्हर

प्रस्तावना

व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना नियमांच्या भाषेचा विचार अपरिहार्य ठरतो. अनेकांनी मिळून वापरायच्या साधनाला मर्यादा घालावी लागते आणि ती अखेर वाक्यातच सांगावी लागते. ते वाक्य सैल असेल, तर लाभ बलवानाला होतो आणि तोटा दुबळ्याला. दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

१. हर्णे बंदर

दापोली तालुक्यातील हर्णे हे सुवर्णदुर्गासमोरचे बंदर किनाऱ्यावरील मासळीच्या लिलावासाठी प्रसिद्ध आहे. येथील समुद्र यांत्रिक नौकांचा आहे, तसाच लहान होड्यांचाही. पावसाळा हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ. म्हणून ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१’ अन्वये यांत्रिक मासेमारीला त्या काळात बंदी असते. बिगरयांत्रिक होड्यांना सूट असते.

पूर्वी राज्याच्या हद्दीत ही बंदी १० जूनपासून, नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. बारा सागरी मैलांपलीकडचे क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत असल्याने तेथील तारखा वेगळ्या होत्या. एकाच समुद्राला दोन मर्यादा असल्या, की ‘मासे नेमके कोठे धरले?’ या प्रश्नाआड पळवाट तयार होते. २०१५ मध्ये पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा समान काळ ठरला. वाक्य सुटसुटीत झाले आणि पळवाट अरुंद झाली.

२. सामायिक सर्व्हर

महाविद्यालयाच्या एकाच सर्व्हरवर शेकडो विद्यार्थी काम करतात. एकाच्या सदोष प्रोग्रॅमने हजारो प्रक्रिया सुरू केल्या, तर इतरांना लॉग-इनही करता येत नाही. ज्याच्या स्वाध्यायाची मुदत त्याच रात्री संपते, तो विनाकारण भरडला जातो. ‘अतिवापर टाळावा’ ही सूचना येथे निरुपयोगी आहे, कारण ‘अति’ म्हणजे किती, हे ती सांगत नाही.

लिनक्स प्रणालीतील मर्यादांच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीचे चार घटक असतात : कोणासाठी, कोणत्या प्रकारची, कशावर आणि किती. उदाहरणार्थ, ‘विद्यार्थी-गट, कठोर, प्रक्रिया, २००’. क्रियापद नसले, तरी हे पूर्ण अर्थाचे विधान आहे.

यातील ‘सौम्य’ आणि ‘कठोर’ या संज्ञा नीट समजून घ्याव्यात. ‘सौम्य’ म्हणजे केवळ सल्ला, असा समज होतो. तो बरोबर नाही. प्रत्यक्षात लागू असते ती सौम्य मर्यादाच. फरक इतकाच, की वापरकर्ता ती कठोर मर्यादेपर्यंत स्वतः वाढवू शकतो. कठोर मर्यादा वाढविण्याचा अधिकार मात्र प्रशासकाचा असतो.

३. सुसंगती का बिघडते?

पहिले कारण अग्रक्रमाचे. सर्वांसाठीच्या ओळीपेक्षा गटाची आणि गटापेक्षा व्यक्तीच्या नावाची ओळ वरचढ ठरते. एखाद्याला दिलेली तात्पुरती सवलत काढायची राहिली, तर ती कायमची होते. दुसरे कारण व्याप्तीचे. ही फाइल लॉग-इन करणाऱ्यांना लागू होते. ‘सिस्टिमडी’मार्फत पडद्याआड चालणाऱ्या सेवांची मर्यादा त्यांच्या स्वतंत्र फाइलींत लिहावी लागते. तिसरे कारण प्रतींचे. सर्व्हर अनेक असतील आणि प्रत्येकावर नियम हाताने लिहिला असेल, तर कालांतराने आकडे भिन्न होतात. यासाठी मूळ नियम एका ठिकाणी लिहून तोच सर्वत्र पाठवावा.

सारांश

मर्यादा न्याय्य ठरण्यासाठी ती मोजता येईल अशा शब्दांत आणि सर्वत्र सारखीच लिहिलेली असावी. अपवाद करावा लागला, तर तोही नावानिशी व मुदतीसह लिहावा. हर्णेच्या लहान होडीला सूट आहे, पण ती नियमातच नमूद आहे. म्हणून ती मेहेरबानी नसून हक्क ठरते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘पाणी जपून वापरावे’ या सूचनेचे चार घटक असलेल्या नियमात रूपांतर करा.
२. ‘सौम्य मर्यादा’ या संज्ञेला अधिक नेमका मराठी पर्याय सुचवून त्याचे समर्थन करा.