प्रकटीकरणातील आकडे आणि तारणाची खात्री

‘प्रकटीकरण’ हे बायबलमधील शेवटचे पुस्तक. पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलात तेही आहे. या पुस्तकाची भाषा रूपकाची आहे, म्हणून ते भविष्याचे पंचांग समजून वाचू नये. आजच्या तुर्कस्तानातील, छळ सोसणाऱ्या सात मंडळ्यांना धीर देण्यासाठी ते लिहिले गेले.

सातव्या अध्यायातील 1,44,000 हा आकडा अनेकांना घाबरवतो: त्यात आपण नसलो तर आपले तारण होणार नाही का? यहोवाचे साक्षीदार तो शब्दशः घेतात. बहुतेक ख्रिस्ती भाष्यकार मात्र 12×12×1000 असा अर्थ लावतात, म्हणजे देवाची संपूर्ण प्रजा. मला हेच पटते, कारण लगेच पुढे सर्व राष्ट्रांतील अगणित समुदाय दिसतो. याच पुस्तकातील 666 या आकड्यात पुष्कळ अभ्यासक सम्राट नीरोचे नाव वाचतात.

एकदा मिळालेले तारण गमावता येते का, यावर कॅल्विनपंथी आणि मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथांचे मत वेगळे आहे. पण खात्रीचा पाया दोघांनाही ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान हाच वाटतो. शेवटचा दिवस कोणालाच ठाऊक नाही, असे येशूने सांगितल्याचे मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. तारीख सांगून भीती घालणाऱ्याला तो अध्याय उघडून दाखवा.