धावणाऱ्या पायांची निगा

कुत्रा म्हणजे घराचा राखणदार, ही ओळख आपणा सर्वांना लहानपणापासून असते. परंतु आपल्या विस्तीर्ण देशात अंगणात बसून न राहता दिवसभर पायांवर असणारे कुत्रेही पुष्कळ आहेत. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळांचा कुत्रा बिबट्यापासून गळा वाचावा म्हणून काटेरी लोखंडी पट्टा घालून कळपाबरोबर डोंगर चढतो. पावसाळा सरल्यावर घाट उतरून कोकणात जाणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर त्यांचा कुत्राही मजल दरमजल चालत असतो. कर्नाटकातील मुधोळ आणि तमिळनाडूतील राजपालयम ही गावे तर आपल्या चपळ श्वानांमुळे देशभर ठाऊक झाली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने काढलेल्या श्वानांच्या चार तिकिटांत या दोन्ही जातींना स्थान मिळाले.

अशा कुत्र्यांना लहानसहान दुखापती होणे अटळ आहे. त्या बहुधा घरच्या घरी बऱ्या होतात. त्या चिघळतात त्या दोन कारणांनी: एक, त्या वेळेवर दिसत नाहीत; आणि दोन, दिसल्यावर भलतेच उपचार केले जातात.

संध्याकाळची तपासणी

कामात रमलेला कुत्रा वेदना दाखवीत नाही. पाय कापला तरी तो धावत राहतो. म्हणून काम संपल्यावर, तो थंडावला की, रोज पाच-दहा मिनिटे त्याच्या अंगावरून हात फिरवावा. चारही पंजे उचलून तळव्यांच्या गाद्या, बोटांमधील फटी आणि नखे पाहावीत. पुढच्या पायाच्या अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नसल्याने वाढून वळते व झुडपात अडकून फाटते. तेही विसरू नये.

माळरानावर कुसळी गवत पिकले की विशेष दक्षता हवी. कुसळ एकदा कातडीत शिरले की पुढेच सरकत जाते, मागे येत नाही. बोटांच्या फटीत सूज येऊन पू वाहू लागला, किंवा कुत्रा एकसारखे डोके झटकू लागला, तर कुसळाचा संशय घ्यावा. कानात गेलेले कुसळ स्वतः काढण्याच्या खटपटीत न पडता पशुवैद्यकाकडे जावे.

जखम धुणे आणि बांधणे

वेदनेने कळवळणारा प्रेमळ कुत्राही धन्याला चावतो. म्हणून प्रथम कापडाची पट्टी त्याच्या जबड्याभोवती गुंडाळून कानांमागे बांधावी. मात्र त्याला धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल, तर तोंड मुळीच बांधू नये.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडके पाच मिनिटे घट्ट दाबून धरावे. मधूनमधून उचलून पाहू नये. रक्त थांबल्यावर अर्धा लिटर पाणी उकळून, कोमट करून, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि त्या पाण्याने माती व खडे धुऊन काढावेत. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे झाल्यास ते फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करावे.

पंजा बांधताना बोटांच्या फटींत थोडा कापूस ठेवावा, पट्टी बोटांकडून वर गुंडाळीत न्यावी आणि मधल्या दोन बोटांची टोके उघडी राखावीत. ती सुजली किंवा गार पडली, तर पट्टी आवळली गेली आहे असे समजून लगेच सोडावी. पट्टी रोज बदलावी, भिजल्यास तत्काळ.

पाय मुरगळला असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे धरावा. पहिले दोन दिवस असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. त्या काळात विश्रांती हेच खरे औषध. एका दिवसानंतरही कुत्रा पाय टेकीत नसेल, तर हाड मोडल्याची शंका घेऊन दवाखाना गाठावा.

हे कटाक्षाने टाळावे

चुना, राख, मिरचीची पूड, रॉकेल, फिनाईल किंवा इंजिनाचे तेल जखमेला लावू नये. त्यांनी कातडी भाजते, आणि चाटल्याने विष पोटात जाते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, मग ती पॅरासिटामॉल असो, आयब्युप्रोफेन असो वा डायक्लोफेनॅक, स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत. त्या कुत्र्याच्या जिवावर बेततात. कुत्रा चाटून जखम बरी करतो, हाही समजच आहे. सतत चाटल्याने जखम ओली राहते व चिघळते. पुठ्ठ्याचे नरसाळे करून गळ्यात बांधल्यास त्याचे तोंड तेथवर पोचत नाही.

चाव्याची जखम लहान मानू नये

दुसऱ्या कुत्र्याने किंवा कोल्ह्याने घेतलेला चावा वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसतो, पण आत खोल असतो. हातमोजे घालून ती जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि कुत्र्याला त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. आधी लस दिलेली असली तरीही. घरातील कोणाला चावा बसला किंवा खरचटल्या जागी लाळ लागली, तर तीही जागा तशीच धुऊन विनाविलंब रुग्णालयात जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. लक्षणांपूर्वी योग्य उपचार झाले तर तो टाळता येतो. यासाठीच तीन महिन्यांच्या पिल्लापासून लसीकरण सुरू करून ते नियमाने चालू ठेवावे.

रक्त थांबत नसेल, हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, छाती, पोट वा डोळ्याला इजा झाली असेल, किंवा जखमेत अळ्या पडल्या असतील, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. आत रुतलेली काठी वा तारही स्वतः उपसू नये.

पुन्हा कामावर

लंगडणे थांबताच कुत्र्याला कळपामागे सोडण्याचा मोह होतो. पण गादीवरील नवी कातडी कोवळी असते, आणि एका धावेत ती पुन्हा फाटते. काही दिवस त्याला दोरीने मऊ जमिनीवर फिरवावे. उन्हाळ्यात वाटेवर आपला पालथा हात पाच-सात सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल, तर त्याच्या तळव्यांनाही ती सोसणार नाही.

आपण हाक मारली की दुखरा पाय घेऊनही तो उठेल. म्हणून त्याने केव्हा उठावे आणि केव्हा पडून राहावे, हे ठरविण्याची जबाबदारी आपलीच आहे.